पावशेर लोकर

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्याकडे रस्त्याच्या कडेला स्वेटरवाल्यांच्या ताडपत्र्या ताणल्या जातात. बांबूंवर लाल, निळे, मोरपंखी स्वेटर लटकतात, कानटोप्यांचे ढीग लागतात, आणि गिऱ्हाईक नसलं की दुकानातली तिबेटी बाई मान खाली घालून स्वतःच सुया चालवत बसते. लोकांना हे दिवस फार आवडतात. ऊन मऊ झालेलं असतं, सीताफळं गोड लागतात, ट्रंका उघडून गरम कपडे गच्चीवर टाकले जातात आणि त्यांत ठेवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा चुरा वाऱ्यावर उडत राहतो. मला हे दिवस आवडत नाहीत. साठ वर्षं उलटून गेली, तरी कार्तिकातलं असं स्वच्छ ऊन पडलं की मला एक तागडी दिसते आणि दिवसभर माझं कशात लक्ष लागत नाही.

माझी वहिनी चालती-फिरती होती तोवर या दुकानांसमोरून जायची नाही. दीक्षितपुऱ्यातल्या घरातून भाजीला निघाली की रस्ता ओलांडून पलीकडच्या अंगानं जायची. बरोबरच्या बायकांना वाटायचं, म्हातारीला गर्दी सोसत नाही. मला ठाऊक होतं. पण सांगणार कोणाला, आणि ऐकणार कोण?

वहिनी वर्ध्याकडची. तिच्या शाळेत मुलींना टकळीवर सूत कातायला शिकवायचे. शाळा सुटल्यावर बाकीच्या मुलींनी टकळी सोडली, हिनं सोडली नाही. कापसावरून ती लोकरीवर गेली, दोन सुयांचं विणकाम शिकली, क्रोशाची सुई शिकली. लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा पेटीत शालूच्या खाली टकळ्या निघाल्या. आमच्या आईनं कपाळाला हात लावला. "ही काय आता घरभर कापूस उडवून राहणार का?" असं ती माझ्या कानाशी म्हणाली, आणि खरोखरच घरभर लोकर उडायला लागली.

तेव्हा आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे नळ आणि एक जांभळाचं झाड. माझा मोठा भाऊ, दादा, फॅक्टरीत दारू भरायच्या सेक्शनला होता. तोफेच्या गोळ्यांत भरायची दारू तोलून द्यायची, एवढंच त्याच्या कामाबद्दल आम्हाला माहीत होतं. त्यापुढे घरात एक शब्द काढायचा नाही, अशी त्या नोकरीची शिस्त होती आणि दादा शिस्तीचा पक्का होता. भोंगा झाला की सायकल, भोंगा झाला की घर. येताना गेटवर रोज झडती. डब्याचं झाकणसुद्धा उघडून दाखवावं लागायचं.

वहिनीला मात्र कुठलाच भोंगा लागू नव्हता. शहपुऱ्याच्या बाजारात गडरिये लोक मेंढ्यांची कातरलेली लोकर आणायचे, काट्यांसकट, गवतासकट. दूधवाल्या भैयाला सांगून ती अशी एक गाठोडीभर लोकर मागवायची. मग रिठ्याच्या पाण्यात भिजवणं, बोटांनी पिंजणं, काटे वेचणं. तिच्या पदराला मेंढीचा वास यायचा आणि आई नाक मुरडायची. व्हरांड्यात बसून गप्पा मारता मारता तिची टकळी फिरत असायची. हाताखाली गिरकी घेत टकळी खाली खाली उतरायची, धागा लांबायचा, आणि वहिनीचा चेहरा असा व्हायचा की तिच्याशी घरकामाचं काही बोलू नये. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. एवढं सुखी माणूस मी आमच्या घरात दुसरं पाहिलेलं नव्हतं.

चीनच्या लढाईच्या वर्षी तो सगळा पावसाळा ती एका शालीसाठी कातत होती. लोकर मूळचीच तपकिरी होती, भाजलेल्या जवसाच्या रंगाची. कातून झालेल्या लड्या तिनं आतल्या खोलीतल्या खुंटीवर टांगल्या होत्या. मी विचारलं, "कोणासाठी गं?" सासूसाठी, आईसाठी, पुढेमागे होणाऱ्या बाळासाठी, असं काही तरी उत्तर येईल असं मला वाटलं होतं. वहिनी म्हणाली, "माझ्यासाठी." आणि असं म्हटल्याबद्दल तिला जराही लाज वाटली नाही.

दसऱ्याच्या सुमारास आम्ही सगळे भेडाघाटला गेलो होतो. बाकीचे धुंवाधार पाहत होते, ही खडकावर बसून टकळी फिरवत होती. धबधब्याचे तुषार वाऱ्यानं आमच्या अंगावर येत होते. परत निघताना तिनं कातलेल्या लोकरीचा गुंडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पाह्य, जड झाला ना?" मी दाबून पाहिला. कोरडाच लागत होता. "लोकर पाणी पिते कुमुद, आणि अंगावर दिसू देत नाही," ती म्हणाली. "उद्या उन्हात टाकली की होते पुन्हा हलकी." मी ऐकलं आणि विसरले. ते लक्षात ठेवण्यासारखं काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मग लढाई आली. जबलपूरहून हिमालय किती दूर, पण आमच्या कॉलनीत ती रोज सकाळी दाराशी यायची. भोंग्यांच्या वेळा बदलल्या, दादा डबल शिफ्ट करायला लागला. त्याचे डोळे लाल असायचे आणि तो जेवता जेवता झोपायचा. रेडिओपाशी माणसांचा घोळका जमायचा. बर्फात आपले जवान सुती कपड्यांत उभे आहेत असं कोणी तरी सांगितलं आणि बायका रडल्या. बांगड्या काढून देण्याची लाट आली, आणि तिच्या मागोमाग लोकरीची.

कॉलनीत अधिकाऱ्यांच्या बायकांचा एक लेडीज क्लब होता. एरवी आमच्यासारख्यांना त्याच्या फाटकातून आत जायला मिळायचं नाही. लढाईनं ते फाटक उघडलं. क्लबात खाकी लोकरीचे गठ्ठे आले होते. पावसाळाभर कुठल्या गोदामात पडून होते कोण जाणे, उघडल्याबरोबर कुबट वास आला. एका मोठ्या साहेबाची बायको, जिला आम्ही सगळे मेमसाहेब म्हणायचो, टेबलावर तराजू मांडून बसली. लोकर तोलून द्यायची आणि स्वेटर तोलून घ्यायचे, असा नियम. जेवढी नेली तेवढी परत आली पाहिजे. नियम चांगलाच होता. देशाची लोकर होती, घरोघरी मुलांचे मोजे विणून संपली असती तर कोणाला विचारायचं?

कॉलनीचा रंगच पालटला. ज्या बायका एकमेकींच्या दारात पाऊल टाकत नव्हत्या त्या एका सतरंजीवर बसून टाके मोजायला लागल्या. वहिनी तर हरखून गेली. इतके दिवस तिचं विणकाम म्हणजे तिचं खूळ होतं, आता एकाएकी ते देशाच्या उपयोगी पडत होतं. कोणाची बाही चुकली, कोणाचा गळा आवळला गेला, की "भाभी, देखो ना जरा" करत बायका आमच्या व्हरांड्यात यायच्या. आमची आईसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागली की आमच्या सुनेच्या हातात कला आहे. शाल बाजूला पडली. तपकिरी लड्या खुंटीवर तशाच टांगलेल्या राहिल्या आणि वहिनी दिवसभर खाकी विणत राहिली.

बाकीच्या बायका स्वेटर पुरा झाला की तसाच नेऊन देत. वहिनीला ते जमेना. हातानं कातणाऱ्यांची एक रीत असते, विणलेली वस्तू धुतल्याशिवाय पुरी झाली असं ते मानत नाहीत. पाणी दाखवलं, उन्हात सपाट वाळवलं, की टाके आपापल्या जागी बसतात, लोकर मऊ होते, अंगाला टोचत नाही. शिवाय तो गोदामाचा वास. "असा कुबट स्वेटर काहून द्यायचा जवानाला?" ती म्हणाली. तिनं आपले सगळे स्वेटर साठवले, रिठ्याच्या पाण्यात घोळवून घोळवून धुतले आणि मागच्या अंगणात खाटांवर पसरले. चांगलं कडक ऊन होतं. दिवसातून कितीदा तरी ती त्यांच्या बाह्या सारख्या करायची, पालथे करायची. शेवटी प्रत्येकाच्या गळ्याच्या आतल्या बाजूला तिनं कुंकवाचं बारीकसं बोट लावलं. आमच्यात नव्या कपड्याला लावतात, तसं.

मी तिच्याबरोबर क्लबात गेले. खाकी घड्या तराजूत गेल्या. मेमसाहेबांनी एक वजन उचललं, दुसरं ठेवलं, पुन्हा पाहिलं.

"बहनजी, इसमें तो पाव भर कम है."

वहिनीनं आपल्या मोडक्या हिंदीत, लोकरीला ऊन म्हणत, सांगितलं, "धोया है मेमसाब. धोके सुखाया है. ऊन में पानी था, वो निकल गया."

"पानी? हमने तो सूखा ऊन दिया था."

"सूखा था, पर पानी था."

खोलीत कोणी तरी हसलं. मेमसाहेब चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "अच्छा, सूखे में पानी. देखिए, देश का काम है. घर में एकाध लच्छी रह गई हो तो ले आइए, कोई कुछ नहीं कहेगा."

आणि मग आमच्या शेजारच्या देशमुखबाई, ज्यांचा चुकलेला गळा वहिनीनं दोनदा उसवून नीट करून दिला होता, त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं माझ्याशी मराठीत म्हणाल्या, "घरी पाहून घ्या ना गं. तिच्या खोलीत तर लड्याच्या लड्या टांगून राहिल्या." त्या लड्या तपकिरी होत्या. देशमुखबाईंनी त्या शंभरदा पाहिल्या होत्या. पण ज्या घरात लोकर आहे त्या घरात लोकर गेली, एवढा हिशेब लोकांना पुरतो. वहिनीनं तराजूतल्या स्वेटरची वर आलेली बाही पुन्हा घडीत सारली आणि आम्ही घरी आलो.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सायकल स्टँडपर्यंत पोचली होती. दादा आला तो ऐकूनच आला. हातपाय धुतले, ताटावर बसला.

"उद्या मी जाऊन बोलून येतो," तो म्हणाला.

"काय बोलणार?" वहिनीनं विचारलं.

"चूक झाली म्हणून सांगतो."

"कोणाची?"

दादानं भाकरी मोडली. तू लोकर घेतली का, हे त्यानं तिला विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं होतं, विश्वास आहे म्हणून विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी नळावर असताना तो आतल्या खोलीत गेला, खुंटीवरच्या सगळ्या लड्या त्यानं कापडी पिशवीत कोंबल्या आणि मला म्हणाला, "चल. बायकांच्यात मी एकटा कसा जाऊ?" मी गेले. मोठ्या भावानं चल म्हटल्यावर कशासाठी असं विचारायची आमच्या घरी पद्धत नव्हती. क्लबात त्यानं पिशवी टेबलावर ठेवली आणि हात जोडले. माझा तो रुबाबदार दादा, ज्याच्या सायकलच्या घंटीनं गल्लीतली पोरं बाजूला व्हायची, तो कमरेत वाकून म्हणाला, "औरतों को ध्यान नहीं रहता, मेमसाब. घर के ऊन में मिल गया होगा. माफ कर दीजिए. ये रख लीजिए."

मेमसाहेबांनी लड्या तराजूत टाकल्या. आषाढापासून कातलेली लोकर. तागडी खाडकन खाली गेली. पावशेरापेक्षा कितीतरी जास्त होती ती. जास्तीची कोणी परत दिली नाही आणि दादानं मागितली नाही. "चलो, ठीक है. हो जाता है," मेमसाहेब म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खरोखर दयाळू दिसत होता.

वहिनी रिकाम्या खुंटीसमोर उभी होती.

"तुम्ही मला चोर ठरवून आलात," ती दादाला म्हणाली.

"तुला वाचवून आलो," दादा म्हणाला. "दुसरी कात. लोकरीला काय तोटा आहे?" बाहेर भोंगा झाला आणि तो सायकल काढून निघून गेला.

दुसरी लोकर आली नाही. दूधवाल्या भैयानं विचारलं तेव्हा वहिनी नको म्हणाली. सुया, क्रोशा, टकळ्या, सगळं तिनं एका जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून बांधलं आणि माळ्यावर टाकलं. रागावून नाही, आदळआपट नाही. पापड संपल्यावर आपण पापडाचा डबा वर ठेवतो, तसं. व्हरांड्यात बायका येईनाशा झाल्या. आईनं कलेचं नाव काढणं सोडलं. कॉलनीत कोणाचं काही हरवलं की आमच्या घरासमोरून जाताना आवाज खाली यायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. कोणी वाईट बोललं नाही, फक्त तिच्या हाती कोणी काही सोपवलं नाही. हळदीकुंकवाला वाण वाटायचं काम नाही, भिशीची पेटी नाही, शेजारणीच्या घराची किल्ली नाही. पुढे आणखी लढाया आल्या, पुन्हा गठ्ठे आले, पुन्हा तराजू मांडला गेला. आमच्या दाराची कडी वाजली नाही.

तिच्या लोकरीचं काय झालं, तेही मी पाहिलं. पुढच्या वर्षी क्लबात फुलांचं प्रदर्शन भरलं होतं. कुंड्यांतून शेवंतीचे हे एवढाले गेंद, माना वाकू नयेत म्हणून काड्यांना बांधलेले. बांधायला वापरलेला दोरा तपकिरी होता, भाजलेल्या जवसाच्या रंगाचा. जवानांसाठी हातानं कातलेली लोकर चालत नव्हती म्हणे. मी एका कुंडीची गाठ सोडून धागा घ्यायला गेले तर माळी ओरडला, "बिटिया, हाथ मत लगाना." देशासाठी दिलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो, हे मला तेव्हा दुसऱ्यांदा कळलं.

त्या सगळ्या प्रकाराबद्दल वहिनी आयुष्यात एकदाच आपणहून बोलली. थंडीच्या दिवसांत आम्ही मेथी निवडत होतो. मध्येच म्हणाली, "ज्यानं घातले असतील त्याला टोचले नसतील गं. धुतलेले होते." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

दादा निवृत्त झाला, दीक्षितपुऱ्यात घर घेतलं. निवृत्त माणसाची जीभ सैल होते, त्याचीही झाली. एका दुपारी माझे यजमान आणि तो ओट्यावर चहा पीत बसले होते. इतकी वर्षं तोंडाला कुलूप, आणि आता फॅक्टरीच्या गोष्टी थांबत नव्हत्या. तो सांगत होता, "दारू तोलायचं काम सोपं नाही. पावसाळ्यात ती हवेतली ओल धरते. हाताला कोरडी लागते, काट्यावर मात्र खोटं बोलते. म्हणून आधी सुकवायची, मग तोलायची. हे आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवायचे."

मी हातातला कप खाली ठेवला.

"दादा," मी म्हटलं, "मग लोकर?"

आत दाराच्या बाजूला वहिनी मटार सोलत होती. दाणे पातेल्यात पडल्याचा आवाज थांबला.

"माहीत होतं," दादा म्हणाला.

"मग बोलला काहून नाहीस?"

"कोणाला बोलू? साहेबाच्या बायकोला? लढाई चालू होती, कुमुद. सेक्शनमधली गोष्ट बाहेर काढली तर एक चौकशी, साहेबाची बायको खोटी पडली तर दुसरी. माफी मागितली, सुटलो."

सुटलो, असं तो म्हणाला. खरंच आहे, तो सुटला. माझ्या दादानं मला शिकवलं, माझं लग्न करून दिलं, आई-वडिलांची सेवा केली. त्याला वाईट माणूस म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या सबंध जबलपुरात वहिनी खरं बोलते आहे हे जाणणारा एकच माणूस होता, आणि तोच हात जोडून उभा राहिला. याची मला चीड येते. तो गेला, तरी येते. आत मटारचे दाणे पुन्हा पातेल्यात पडायला लागले.

त्याच हिवाळ्यात दादाच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. उन्हात खुर्ची टाकून बसायचा आणि गळा झाकत राहायचा. एक दिवस माझ्यासमोरच तो वहिनीला म्हणाला, "अगं, एक मफलर विणून दे ना. तुझ्या हातचा." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं ते मागितलं होतं. माफीच मागत होता तो, दुसरं काय? या खेपेला तरी योग्य माणसाची.

वहिनीनं त्याच्या अंगावरची शाल नीट केली. "बाजारात चांगले मिळतात," ती म्हणाली. "आणून देते." आणि ज्या दुकानांसमोरून ती कधी जात नव्हती तिथे गेली आणि एक करड्या रंगाचा मशीनचा मफलर घेऊन आली. दादा शेवटपर्यंत तोच वापरत होता. मानेला टोचायचा, पण तसं तो कधी म्हणाला नाही.

आता वहिनी पंच्याऐंशीकडे आली आहे. पायांनी जागा धरली आहे, हात मात्र शाबूत आहेत. परवा मी गेले तर तिच्या नातीनं, इरानं, सगळा दिवाण लोकरीनं भरून टाकला होता. मोबाइलवर बघून बघून ती क्रोशा शिकते आहे. पोरीला मराठी कळतं सगळं, बोलताना हिंदीवर घसरते. नवी लडी सोडून तिचा गुंडा करायचा होता, आणि लडी धरायला दोन हात लागतात.

"आजी, जरा पकड ना इसको, प्लीज," इरा लडी पुढे करत म्हणाली.

वहिनीनं हात मांडीवरून उचलले नाहीत. "थांब बेटा," ती म्हणाली. "आधी वजन करून घे तिचं. मग दे माझ्या हातात."

पोरगी खळखळून हसली. तिला वाटलं, आजी गंमत करून राहिली. हसत हसतच ती स्वयंपाकघरातून केकसाठी आणलेला वजनाचा छोटा काटा घेऊन आली, लडी त्यावर ठेवली आणि आकडा वाचला. वहिनीनं तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "ऐकलं ना कुमुद?"

मी हो म्हटलं. तेव्हा कुठे तिनं हात पुढे केले.